फळांची आंबट, स्ट्राँग बिअर कशी चाखावी: नवख्यांसाठी

फळं घालून केलेली आंबट, स्ट्राँग क्राफ्ट बिअर पहिल्यांदा चाखणार असाल, तर एक गोष्ट आधीच ठरवून टाका: पहिल्या घोटावर मत द्यायचं नाही. थंड पाण्यात पाय घातला की पहिल्या क्षणी फक्त गारठा कळतो. पाण्याची ओढ, तळाची वाळू हे सगळं नंतर. इथेही तसंच आहे. पहिला घोट आंबटपणा एकटाच खाऊन टाकतो. फळ, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), पिंपाचं लाकूड आणि मुख्य म्हणजे अल्कोहोल त्याच्या मागे दडलेलं असतं. त्यातलं अल्कोहोल तर सहजासहजी पुढे येतच नाही. म्हणून ही बिअर चाखायला जितकी जीभ लागते, तितकाच थोडा हिशेबही लागतो.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. नेहमीच्या बिअरचा कणा हॉप्स या वेलीच्या फुलांच्या कडूपणाचा असतो. आंबट बिअरमध्ये तो कडूपणा मुद्दाम कमी ठेवतात, कारण हॉप्समधले घटक आंबटपणा तयार करणाऱ्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूंना वाढू देत नाहीत. शिवाय खूप कडू आणि खूप आंबट एकत्र आलं की चव कर्कश होते. इथे कणा आम्लाचा. आम्लता पीएच या मापाने मोजतात, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. साध्या बिअरचा पीएच ४ ते ४.५च्या आसपास असतो, आंबट बिअरचा ३ ते ३.५च्या. आकडे जवळचे वाटतात, पण पीएच एकाने उतरला की आम्लता दहापट झालेली असते.

हा आंबटपणा आणायच्या वाटा मुख्यतः दोन. एक जुनी आणि संथ. ब्रसेल्स शहर आणि त्याच्या आजूबाजूच्या सेन नदीच्या खोऱ्यात लॅम्बिक नावाची आंबट बिअर बनते. उकळलेला माल्टचा रस पसरट, उघड्या हौदात रात्रभर निवत ठेवतात, त्यात हवेतले आणि जागेतले रानटी यीस्ट, जिवाणू उतरतात, आणि मग ती लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षं मुरते. त्यात आंबट चेरी घातली की क्रीक, रास्पबेरी घातली की फ्रांब्वाझ. ब्रसेल्समध्ये १९०० साली सुरू झालेली कांतियों ही ब्रुअरी आजही याच पद्धतीने बिअर करते. दुसरी वाट झटपट: कोमट रसात लॅक्टोबॅसिलस सोडायचा, एकदोन दिवसांत हवा तितका आंबटपणा आला की रस उकळून जिवाणू मारायचे, आणि पुढे नेहमीच्या यीस्टने आंबवायचं. आज डब्यात मिळणाऱ्या बहुतेक गर्द रंगाच्या, फळांच्या गराने भरलेल्या आंबट बिअर या दुसऱ्या वाटेने आलेल्या असतात. दोन्ही वाटांनी उत्तम बिअर होते, फक्त अपेक्षा वेगळ्या ठेवाव्यात. झटपटवाली स्वच्छ, थेट, फळाला पुढे करणारी असते. मुरवलेली गुंतागुंतीची असते आणि वेळ मागते.

आधी लेबल

अल्कोहोलचा आकडा सगळ्यात आधी शोधा. जर्मन परंपरेतल्या बर्लिनर वाइस आणि गोझ या आंबट बिअर हलक्या असतात, साधारण ३ ते ५ टक्क्यांच्या. लॅम्बिक ५ ते ६च्या आसपास. आपण ज्या प्रकाराबद्दल बोलतोय तो ७पासून सुरू होतो आणि १०च्याही पुढे जातो. बेल्जियममधल्या रूसेलारे गावची रोडेनबाख कॅरॅक्टेर रूज ही चेरी, रास्पबेरी आणि क्रॅनबेरी घालून केलेली बिअर ७ टक्क्यांची आहे. कॅलिफोर्नियातल्या रशियन रिव्हर ब्रुअरीची सप्लिकेशन, जी पिनो न्वार वाइनच्या पिंपांत आंबट चेरींसोबत मुरते, तीही ७ टक्क्यांचीच.

आता हिशेब. ३३० मिलिलिटर बिअर ५ टक्क्यांची असेल तर तिच्यात साधारण १३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. तेवढीच बिअर ८ टक्क्यांची असेल तर जवळजवळ २१ ग्रॅम. म्हणजे एक छोटी बाटली दीड बाटलीहून जास्त भरते, आणि तोंडाला मात्र फळांच्या सरबतासारखी लागते. चाखण्यासाठी माणशी १०० ते १५० मिलिलिटर पुष्कळ झालं. एक बाटली दोघातिघांत वाटून घ्या. पोट रिकामं नको, नंतर गाडी चालवायची नाही, आणि तुमच्या भागातल्या कायद्याने ठरवलेलं वय पूर्ण झालेलं हवं. हे उरकण्यापुरतं सांगत नाही. या बिअरचा गोडवा आणि आंबटपणा मिळून अल्कोहोल खरोखरच झाकतात, आणि सवय नसलेल्या माणसाला ते उठल्यावर कळतं.

लेबलवर आणखी दोन गोष्टी बघा. लॅक्टोज लिहिलं असेल तर बिअर गोडसर आणि दाट लागणार, कारण दुधातली ही साखर बिअरचं नेहमीचं यीस्ट खाऊ शकत नाही. ती तशीच उरते. दूध न पचणाऱ्यांनी अशी बिअर टाळावी. आणि फळाचा गर भरपूर घातल्याचं लिहिलं असेल, तर डबा थंड ठेवला होता का ते विचारा. गरातली साखर आत पुन्हा आंबू लागली तर वायू साठतो. फुगलेला डबा उघडू नका, विकतही घेऊ नका.

थंडावा आणि ग्लास

फ्रीजमधून काढल्याबरोबर पिऊ नका. फार थंड असताना आंबटपणा टोकदार लागतो आणि वास बंद राहतो. झटपट पद्धतीची फळाळ बिअर ६ ते ८ अंश सेल्सियसला ठीक लागते, पिंपात मुरलेली ९ ते १२ला. थर्मामीटरची गरज नाही. पहिलीसाठी फ्रीजबाहेर पाचदहा मिनिटं, दुसरीसाठी पंधरावीस.

ग्लास तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असावा. वाइनचा साधा ग्लास यासाठी उत्तम. तो साबणाचा अंश न राहता धुतलेला असला पाहिजे. बिअर ओतल्यावर ग्लासच्या कडेला बुडबुडे चिकटून बसले तर तिथे तेलकटपणा उरला आहे असं समजा.

बाटलीला बूच आणि तार असेल तर ती नीट थंड करून, हळूहळू, सिंकजवळ उघडा. फळाच्या बिअर कधीकधी उसळून बाहेर येतात. ग्लास तिरका धरून एक तृतीयांश भरा, वरची जागा वासासाठी मोकळी ठेवा. तळाशी गाळ दिसला तर पहिला ग्लास गाळाशिवाय ओता, नंतर शेवटचा भाग हलवून वेगळा चाखा. गाळासकटची चव दाट आणि यीस्टची असते. कुणाला आवडते, कुणाला नाही.

बघणं

इथे फार वेळ घालवू नका. फेस पटकन विरला तर तो दोष नव्हे. आंबट बिअरमध्ये फेस धरून ठेवणारी प्रथिनं फारशी टिकत नाहीत. रंगाकडे मात्र एकदा नीट बघा. चेरी, रास्पबेरी, काळ्या द्राक्षांतलं लाल रंगद्रव्य आम्लात जास्त लालबुंद दिसतं, म्हणून ताजी बिअर माणकासारखी चमकते. ती विटकरी, तपकिरी झाली असेल तर बहुधा हवा लागलेली आहे किंवा ती जुनी आहे. स्ट्रॉबेरीचा रंग फार लवकर उडतो, तिथे फिक्या रंगावरून निकाल देऊ नका. आंबा, पेरू, पीच यांची बिअर गढूळ असणारच.

वास

ग्लास न हलवता एक छोटा वास घ्या. मग ग्लास गोल फिरवून दुसरा. दोन वासांमध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या, नाहीतर नाक थकतं.

पहिला प्रश्न: फळ कोणत्या रूपात आहे? ताजं, पिकलेलं, शिजवलेलं, जॅमसारखं, की फक्त साल आणि बी? फळातली साखर यीस्टने खाऊन टाकल्यावर उरतो तो गंध, आम्ल आणि तुरटपणा. त्यामुळे रास्पबेरीच्या बिअरमध्ये रास्पबेरीचा गोळा चोखल्यासारखा वास यावा अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होईल. गोडवा काढून घेतलेलं फळ कसं असेल, ते शोधायचं. चेरी आठळीसकट घातलेली असेल तर बदामासारखा गंध येतो. हा क्रीकमधला सगळ्यात सुंदर भाग आहे असं मी म्हणेन. जर्दाळू आणि पीच वासाला मऊ असतात. पॅशनफ्रूट आणि पेरू उग्र असतात, ते बाकी सगळ्यांना मागे ढकलतात. त्यामुळे शिकायला सुरुवात करणाऱ्याने चेरी किंवा रास्पबेरी घ्यावी. पाच फळं, व्हॅनिला आणि नारळ एकत्र घातलेला डबा नंतरसाठी ठेवावा.

दुसरा प्रश्न: फळाखाली काय आहे? मुरलेल्या बिअरमध्ये ओलं गवत, चामडं, तबेला, जुनी लाकडी खोली असे वास येतील. ते ब्रेटॅनोमायसेस या यीस्टचं काम. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या निल्स हेल्ट क्लाउसेन यांनी १९०४मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि ते इंग्लंडमधल्या मुरवलेल्या बिअरमध्ये सापडलं म्हणून ब्रिटिशांवरून त्याला नाव दिलं. वाइनवाले त्याला घाबरतात, लॅम्बिकवाले त्याच्यावर जगतात. पहिल्यांदा हा वास नकोसा वाटू शकतो. फळाबरोबर तो कसा बसतो ते बघा, मग ठरवा.

तिसरा: नाकात उष्ण, झोंबणारं काही येतंय का? तेच अल्कोहोल. थंड असताना ते येणार नाही. तापमान वाढल्यावर पुन्हा विचारा.

घोट

खरा मुक्काम इथे आहे, आणि घाई इथेच होते.

पहिला घोट लहान घ्या आणि तोंडभर फिरवून गिळा. जबड्याच्या मागच्या बाजूला कळ येईल, तोंडाला पाणी सुटेल. काहीही लिहू नका. लाळ सुटली की तोंड तयार झालं. वीसतीस सेकंद थांबा. दुसरा घोट घेतल्यावर आंबटपणा निम्म्यावर आल्यासारखा वाटेल आणि फळ पुढे येईल.

आता आंबटपणाची जात ओळखा. त्यासाठी एक सराव सांगतो, बिअर उघडण्याआधी करावा असा. तीन पेले पाणी घ्या. एकात लिंबाचे काही थेंब, दुसऱ्यात चमचाभर दह्याचं पाणी, तिसऱ्यात व्हिनेगरचे दोनतीन थेंब. तिन्ही चाखा. लिंबातलं सायट्रिक आम्ल झटकन चमकतं आणि झटकन जातं. दह्यातलं लॅक्टिक आम्ल गोलसर असतं, तोंडात पसरतं. व्हिनेगरचं अ‍ॅसेटिक आम्ल नाकात चढतं आणि घशाला चरचरतं. आंबट बिअरचा पाया जवळजवळ नेहमी लॅक्टिक असतो. सायट्रिक आणि हिरव्या सफरचंदातलं मॅलिक आम्ल फळातून येतं. अ‍ॅसेटिक थोडं असलं तर धार देतं, बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागातल्या तांबड्या बिअरमध्ये ते ओळखीचा भाग आहे. जास्त झालं तर बिअर सॅलडवर ओतायच्या लायकीची उरते. हा सराव एकदा केलात की 'आंबट आहे' या एका शब्दावर तुम्ही पुन्हा थांबणार नाही.

तिसरा घोट नाक चिमटीत धरून घ्या. फक्त आंबट, गोड आणि थोडं तुरट लागेल. फळ गायब. घोट गिळून नाक सोडा आणि श्वास नाकाने बाहेर टाका. फळ एकदम उमलेल. जिभेला आंबा आणि चेरी यांतला फरक फारसा कळतच नाही, तो नाकाच्या मागच्या वाटेने कळतो. नाक बंद असताना बिअर गोड लागली तर तिच्यात खरी साखर किंवा लॅक्टोज उरलेलं आहे. नाक सोडल्यावरच गोड 'वाटली' तर तो फळाच्या गंधाने घातलेला भास आहे. मला या एका युक्तीइतकं कामाचं दुसरं काही माहीत नाही.

चौथा घोट अल्कोहोलसाठी. गिळल्यावर घशात आणि छातीत ऊब उतरते का ते बघा. चांगल्या बिअरमध्ये ती ऊब मंद असते, फळाला वाइनसारखं वजन देते. पातळ आंबट बिअरमध्ये फळ पोकळ लागतं. स्ट्राँग बिअरमध्ये त्याला अंग मिळतं, आणि हीच या प्रकाराची खरी मजा. वाईट बिअरमध्ये मात्र घसा जळतो आणि मागे स्पिरिटचा वास राहतो.

मग ग्लास ठेवून द्या. पंधरा मिनिटांनी परत या. थंडावा उतरलेला, वायू कमी झालेला. आता आंबटपणा बसलेला असेल, लाकूड आणि बिया वर आलेल्या असतील, अल्कोहोल थोडं उघडं पडलेलं असेल. बिअर या टप्प्यावर जास्त बोलकी झाली तर ती चांगली. नुसती गोड आणि जड झाली, तर थंडाव्याने तिला सांभाळलं होतं. शेवटी चव किती वेळ रेंगाळते आणि रेंगाळताना स्वच्छ राहते की चिकट, एवढं बघा.

दोष आणि दोष नसलेलं

नवख्या माणसाची अडचण अशी की सगळंच विचित्र लागतं, मग बिघडलेलं कसं ओळखायचं? तबेला, चामडं, गवत हे दोष नव्हेत. नेलपॉलिश रिमूव्हरचा ठळक वास हा दोष. उलटी किंवा खवट लोण्यासारखा वास म्हणजे ब्युटिरिक आम्ल, हाही दोष, आणि फळाखाली तो लपत नाही. गोडसर लोण्याचा वास येत असेल तर बिअर पुरती मुरलेली नाही.

एक फसवा दोष आहे. घोट छान लागतो, गिळल्यावर काही सेकंदांनी मागून शिळ्या पोळीसारखी किंवा उंदरांच्या पिंजऱ्यासारखी चव येते. बिअर आम्ल असताना हा घटक वासाला कळत नाही. लाळेने तोंडातली आम्लता कमी झाल्यावर तो जागा होतो. काही जणांना तो मुळीच जाणवत नाही, त्यामुळे टेबलावर यावरून मतभेद झाले तर दोघेही खरं बोलत असतात.

बिअर तेलकट, तारा सुटल्यासारखी बुळबुळीत असेल तर ते पेडियोकॉकस जिवाणूंचं काम. त्याने अपाय होत नाही. ब्रेटॅनोमायसेस असलेल्या बाटलीत काही महिन्यांत ते आपोआप जातंही.

सोबत काय, आणि दात

दोन बिअर असतील तर हलकी आधी, जास्त आंबट आणि स्ट्राँग नंतर. मध्ये पाणी आणि साधा पाव. मसालेदार खाणं चाखून झाल्यावर. खारट, स्निग्ध चीज मात्र सोबत घ्या, आंबटपणा ते फार छान कापतं. गोड पदार्थ नको, त्यापुढे बिअर आणखी आंबट लागते.

इतकं आम्ल दातांच्या आवरणाला मऊ करतं. दर थोड्या वेळाने साध्या पाण्याने चूळ भरा, आणि संपल्यावर लगेच ब्रश करू नका. तासभर जाऊ द्या. ज्यांना छातीत जळजळ, पित्त यांचा त्रास आहे त्यांच्यासाठी ही बिअर नाही.

टिपण

चार ओळी पुरेत: अल्कोहोलचा आकडा, आंबटपणाची जात, फळ कोणत्या रूपात, शेवटी काय रेंगाळलं. तारे देऊ नका, 'मस्त' लिहू नका. 'चेरीची साल, बदाम, दह्याचा आंबटपणा, ऊब उशिरा' अशी ओळ सहा महिन्यांनीही बिअर समोर उभी करते.

बाटलीत थोडी उरली तर झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी, आदलं टिपण न बघता, दोन घोट चाखा. वायू कमी झालेला असेल आणि फळाचा ताजेपणा उतरलेला असेल, पण आंबटपणाची जात आणि लाकूड आता आणखी स्पष्ट होतील. ते लिहून काढा, मग कालच्या ओळींशी ताडून बघा. त्यानंतर मात्र ठेवू नका, हवेने व्हिनेगरची बाजू वाढू लागते.